अंगणातलं नाणं आणि १८७८ चा कायदा

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी लोकांनी रात्री जागून शेतं उकरली. बुऱ्हाणपूरचा मुघल खजिना मराठे लुटतात असं दाखवणाऱ्या ‘छावा’ चित्रपटाची हवा होती. त्यात रस्त्याच्या कामातली माती शेतात येऊन पडली होती आणि तिच्यात मुघलांची सोन्याची नाणी निघाल्याची कुणकुण पसरली. माणसं मोबाइलचे उजेड, फावडी, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन रानात उतरली. बुऱ्हाणपूर ही मुघलांची टांकसाळ होती, तिथल्या मातीत नाणी असणं नवलाचं नाही. पण त्या खड्ड्यांचे फोटो पाहताना माझ्या मनात एकच विचार होता: उद्या इथं खरंच काही निघालं, तर ते कुठून, किती खोलवरून आणि कशासोबत निघालं, हे कोणालाही कधीही कळणार नाही.

गर्दीची बातमी होते, एकट्या माणसाची होत नाही. मेटल डिटेक्टर आज कोणालाही घरबसल्या मागवता येतो. गावी जुनं घर असतं, मागं परस असतं, एखादी बुजलेली विहीर, पडकं जोतं असतं. सुट्टीला गेलेला मुलगा यंत्र फिरवतो, आवाज येतो, वीतभर उकरल्यावर हिरवट पडलेलं तांब्याचं नाणं हाताला लागतं. आता हे नाणं कोणाचं? घर आजोबांनी बांधलेलं, घरपट्टी आपण भरतो, अंगण आपलं. बहुतेकांना यात प्रश्नच दिसत नाही. ज्यांना दिसतो त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: गप्प बसा, सांगितलंत तर सरकार घेऊन जाईल.

माझं मत सरळ आहे. नाणं त्या मुलाकडे राहिलं तरी मला चालेल. पण त्या नाण्याची माहिती त्याच्या एकट्याची नाही, ती गावाची आहे, इतिहासाची आहे. आपला कायदा मात्र नेमका उलटा चालतो. तो वस्तूच्या मागं लागतो आणि माहिती वाऱ्यावर सोडतो.

कायदा म्हणजे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. जमिनीत दडलेली कोणतीही मूल्यवान वस्तू ही त्याच्या लेखी ‘निधी’. दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला, की सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठं आणि कोणत्या दिवशी. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तिच्यासाठी जामीन द्यायचा. मग जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांसाठी चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख लावतात. कळवलं नाही, तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. १८७८ साली दहा रुपये ही रक्कम होती. आज दहा रुपयांची मर्यादा म्हणजे मर्यादा नसणंच. कायद्याच्या अक्षराला धरून चाललं, तर परसात सापडलेल्या एका झिजक्या शिवराईसाठी, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्यासाठीही जिल्ह्याच्या गावी अर्ज घेऊन जावं लागेल आणि ती सोन्याच्या हंड्यासाठी लागते त्याच प्रक्रियेतून जाईल. असा अर्ज कोणी करत नाही, आणि केला तर तो घेणाऱ्या कारकुनाला त्याचं काय करायचं हे माहीत नसण्याचीच शक्यता जास्त.

या कायद्यातली एक गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते, ती सांगायलाच हवी. ‘सगळं सरकारजमा होतं’ असं कायदा म्हणत नाही. निधी बेवारस ठरला, जागेच्या मालकानं हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. मालकानं हक्क सांगितलाच नाही, तर सगळा सापडवणाऱ्याचा. पाया खणणाऱ्या मजुराला हे कधी कोणी सांगितलं आहे का? सरकारला तो निधी हवा असेल तर सरकार तो विकत घेऊ शकतं, आणि खरी गोम इथंच आहे. सरकारनं द्यायची किंमत म्हणजे धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश.

शिवराईत साधारण दहा-बारा ग्रॅम तांबं असतं. आजच्या भावानं त्या तांब्याचे जेमतेम दहा-बारा रुपये होतील, वर दोन-अडीच रुपये. बाजारात संग्राहक त्याच नाण्याला त्याहून कितीतरी पट मोजतो. शिवाजी महाराजांच्या सोन्याच्या होनाचं वजन तीन ग्रॅमही भरत नाही, पण तो इतका दुर्मीळ आहे, की त्याची किंमत सोन्याच्या भावानं करणं म्हणजे जुन्या हस्तलिखिताचं मोल रद्दीच्या तागडीत करणं. कायदा प्रामाणिक माणसाला असं सांगतो, की तू खरं बोललास तर तुला वितळवायच्या भावानं पैसे मिळतील आणि खोटं बोललास तर बाजारभावानं. या मोजमापात किती माणसं पहिली वाट धरतील? चोरटेपणा लोकांच्या रक्तात नसतो. तो इथं कायद्याच्या कलमात लिहून ठेवला आहे.

माहिती म्हणजे नेमकं काय, हे सांगायला जोगळटेंभीइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. नाशिक जिल्ह्यातलं, गोदावरी-दारणेच्या संगमाजवळचं हे गाव. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरे ठसे मारलेले होते, तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या टोकांना चार वर्तुळं. हे ठसे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे. नाशिकच्या पांडवलेण्यांत त्याची आई गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे, त्यात आपल्या मुलानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केल्याचं ती माऊली सांगते. शिलालेखातलं ते वाक्य अभिमानाच्या भरात लिहिलेलं असू शकतं, असं म्हणायला जागा होती. जोगळटेंभीनं ती जागा ठेवली नाही. हरलेल्या राजाचा पैसा जिंकणाऱ्यानं गोळा केला, त्यावर आपला शिक्का मारला आणि तो पुन्हा चलनात आणला, हे हजारो नाण्यांनी एकत्र येऊन सांगितलं.

‘एकत्र येऊन’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. त्यातलं एक नाणं एखाद्या सराफाच्या दुकानात सुटं सापडलं असतं, तर दोन ठशांचं एक मजेशीर नाणं एवढीच त्याची नोंद झाली असती. पुरावा झाला तो संख्येचा, प्रमाणाचा. किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती नाण्यांवर नाही, या गुणोत्तरात सत्तांतराची गोष्ट आहे. तो साठा सापडणाऱ्यांनी आपसात वाटून घेतला असता, निम्मा मुशीत गेला असता आणि उरलेला चार बाजारांत पांगला असता, तर नाणी शिल्लक राहूनही ही गोष्ट नाहीशी झाली असती.

याच्याही पुढची पायरी इंग्लंडमधल्या फ्रोमच्या साठ्यात दिसते. एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प नावाच्या छंदी शोधकाला शेतात यंत्राचा आवाज मिळाला, खणल्यावर नाणी आणि मडक्याचा काठ दिसला. तो तिथंच थांबला आणि त्यानं कळवलं. मग पुरातत्त्वज्ञांनी ते मडकं थराथरानं रिकामं केलं. प्रत्येक थरातली नाणी वेगळ्या पिशवीत. एकूण ५२,५०३ रोमन नाणी, सुमारे १६० किलो. धुऊन, वाचून झाल्यावर दिसलं, की सर्वांत अलीकडची, कॅरॉशियस राजाची बरीचशी नाणी मडक्याच्या तोंडाशी नसून निम्म्याहून खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं वरून भर घालत गेलेली ती पुंजी नव्हती. मडकं एकदमच भरलं होतं. मग ती कोणाची बचत होती, की साऱ्या वस्तीनं मिळून देवाला वाहिलेलं धन, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यावर संशोधन सुरू झालं. त्या माणसानं हावेनं मडकं उपडं केलं असतं, तर नाणी तेवढीच मिळाली असती, एकही कमी नाही. पण हा प्रश्नच जन्माला आला नसता.

अंगणातल्या सुट्या नाण्याला हे लागू नाही असं वाटेल. तिथं कुठला आला थर! पण महाराष्ट्रातली कितीतरी गावं जुन्या नगरांच्या डोक्यावर बसलेली आहेत. पैठण, तेर, जुन्नर, नाशिक, कऱ्हाड, कोल्हापूर. इथं जुन्या वस्तीच्या थरांवर घरावर घर चढत गेलं आहे. राहत्या घराखाली पुरातत्त्व खातं खणू शकत नाही. म्हणजे या गावांच्या इतिहासाचा फार मोठा भाग आज लोकांच्या परसात, न्हाणीच्या मोरीखाली, शोषखड्ड्याच्या जागेत आहे. तो बाहेर आला तर सामान्य माणसाच्याच हातानं येणार. तेरचंच पाहा. तिथलं सरकारी वस्तुसंग्रहालय ज्यांच्या नावानं आहे ते रामलिंगप्पा लामतुरे काही पुरातत्त्वज्ञ नव्हते. गावात, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या मातीत, पावसानं उघड्या पडलेल्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि त्या संग्रहातून संग्रहालय उभं राहिलं. एका गावकऱ्यानं केलेलं हे काम आहे. मात्र पावसानं उघडी पडलेली वस्तू उचलली, की ती तेरची एवढंच उरतं. कोणत्या थरातली, कोणाच्या शेजारची, हे पाणी आधीच घेऊन गेलेलं असतं. लामतुऱ्यांनी उचललं नसतं तर तेवढंही उरलं नसतं. म्हणूनच ‘लोकांनी हात लावू नये, तज्ज्ञ बघतील’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तज्ज्ञ येईपर्यंत मोरी बांधून होते.

यंत्राबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण त्याच्याभोवती नको तितकं गूढ तयार झालं आहे. मेटल डिटेक्टरच्या वेटोळ्यातून वीज वाहते, तिच्यामुळं जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूत छोटे प्रवाह निर्माण करतं आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद यंत्र ऐकतं. १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं असंच एक यंत्र घेऊन अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला होता. ती सापडली नाही. खाटेतल्या स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात टाकलं, हे त्या अपयशाचं एक कारण सांगतात. आजची यंत्रं खूपच सुधारली आहेत, तरी नाण्याएवढी वस्तू ती साधारण वीतभर खोलीपर्यंतच ओळखतात. वस्तीच्या मातीत खिळे, बाटल्यांची बुचं, तारा, औषधांच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं इतकी असतात, की दहा आवाजांतले नऊ फुकट जातात. यंत्र धातू सांगतं. वय सांगत नाही, मोल सांगत नाही, आणि त्या धातूशेजारी पडलेलं खापर, मणी, जळका दाणा तर त्याला दिसतही नाही. खणणाऱ्यालाही दिसत नाही, कारण त्याचं लक्ष आवाजाकडे असतं. काळ ठरवायला नाण्याइतकंच मोल त्या खापराला असतं, आणि ते फावड्यानं बाजूला उडतं.

आपल्याकडे या यंत्राला आणखी एक भूत चिकटलं आहे, गुप्तधनाचं. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीतलं धन दिसतं ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्यापायी घरं खणली गेली, माणसं लुबाडली गेली, आणि काही ठिकाणी त्याहून भयंकर प्रकार झाले. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. पायाळूच्या जागी आता यंत्र आलं आहे. ते खोटं बोलत नाही, हे चांगलंच. पण ‘खाली धन आहे’ ही मूळची हाव तीच असेल, तर खड्डेही तसेच पडणार. नाणी शोधण्याचा छंद आणि धन शोधण्याची हाव यांत मी फरक करतो, आणि कायद्यानंही करावा असं मला वाटतं. छंदी माणूस खड्डा खणण्याआधी जागा टिपून ठेवतो, हावरा माणूस खणल्यावर जागा लपवतो.

तरीही खरं नुकसान ना छंदी माणूस करतो, ना रात्री उतरलेली गर्दी. ते करतो जेसीबी. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात, जुन्या पेठांमध्ये वाडे पडताहेत. दोन-तीनशे वर्षं राहत्या असलेल्या जागेचा पाया दोन दिवसांत पंधरा-वीस फूट खाली जातो, राडारोडा रातोरात ट्रकमधून कुठल्यातरी ओढ्याकाठी पडतो. त्या मातीकडे कोणी पाहिलेलं नसतं. २०२२ साली पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मुघल काळातली २१६ सोन्याची नाणी ताब्यात घेतली. चिखलीत बांधकामाच्या खोदकामात ती निघाली होती आणि गुपचूप घरी गेली होती. ती पकडली गेली, म्हणून आपल्याला कळली. ज्यांनी ती घरी नेली त्यांच्यावर बोट ठेवण्याआधी मला एक विचारावंसं वाटतं. त्या खोदकामावर निघेल त्या वस्तूचं काय करायचं हे सांगणारा एखादा फलक, एखादा माणूस, एखादा फोन नंबर तिथं होता का? कळवलं असतं तर त्या मजुरांना कायद्यानं वाटा मिळू शकला असता. ते कधी त्यांच्या कानावर गेलं होतं का?

याच्या उलट दृश्य जुलै २०२४ मध्ये केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात दिसलं. चेंगलायी गावात रोजगार हमीच्या कामावर पावसाचं पाणी मुरवायला खड्डे खणणाऱ्या बायकांना एक भांडं सापडलं. आधी त्यांना तो बॉम्ब वाटला. आत सोन्याचांदीच्या वस्तू आणि जुनी नाणी निघाली, आणि त्यांनी ते कळवलं. त्या बायकांना रोजची मजुरी किती मिळत असेल याचा अंदाज आपल्याला आहे. अशा माणसांच्या प्रामाणिकपणावर आपण किती काळ धातूच्या भावानं विसंबून राहणार?

इंग्लंडनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं हाताळला. तिथला १९९६ चा निधी कायदा १९९७ मध्ये अमलात आला. साठा किंवा सोन्याचांदीची जुनी वस्तू सापडली तर चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयाला ती हवी असेल तर बाजारभावानं बक्षीस द्यायचं, आणि ते सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. त्याच वर्षी त्यांनी दुसरंही काम सुरू केलं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. निधीत न मोडणाऱ्या साध्या वस्तूंची नोंद करायला हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं नेमली. नाणं घेऊन जा, ते फोटो काढतात, वजन-माप घेतात, जागा नोंदवतात आणि नाणं तुम्हाला परत देतात. सक्ती नाही. या नोंदींचा आकडा आज पंधरा लाखांच्या पुढं आहे आणि त्या कोणालाही पाहता येतात. १९९७ पूर्वी वर्षाला साधारण पंचवीस निधी कळवले जायचे, आता हजाराच्या वर जातात. निधीची व्याख्याही रुंद झाली, त्यामुळं सगळी वाढ नव्या प्रामाणिकपणाची म्हणता येणार नाही. पण वाट सोपी केली की माणसं चालतात, एवढं त्यातून नक्की दिसतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मी टाळणार नाही. बाजारभावानं पैसे दिलेत तर लोक मुद्दाम खणायला लागतील, गडकोट पोखरतील. आक्षेप खरा आहे. इंग्लंडातही रात्री चोरून शेतं पोखरणाऱ्या टोळ्या आहेत. आयर्लंडनं म्हणूनच दुसरी वाट धरली. तिथं परवानगीशिवाय पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. मी दोन्ही देशांच्या वाटांचा विचार केला आहे आणि माझा कौल जागेनुसार पडतो. किल्ले, लेणी, पांढरीच्या टेकड्या, देवळांचं आवार, नदीकाठचे जुने घाट इथं आयर्लंडचाच नियम हवा, बिनतोड हवा. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत बांधकामालाही बंदी आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत. तिथं यंत्र घेऊन फिरणाऱ्याला, त्याचा व्हिडिओ काढून मिरवणाऱ्याला, जप्ती आणि शिक्षा व्हायला हवी. तिथं मला कोणतीही सवलत नको. पण राहत्या घराच्या अंगणाला हाच नियम लावलात तर पाळला कसा जाणार? कुंपणाच्या आत कोण पाहायला येणार? जी बंदी राबवता येत नाही ती फक्त एकच काम करते, सापडलेलं लपवायला शिकवते.

मग काय करायचं, तर फार मोठं काही नाही. ‘निखात निधी’ हा विषय राज्यघटनेच्या राज्य सूचीत आहे, ४४ वी नोंद. दिल्लीकडे तोंड करून बसायची गरजच नाही. कर्नाटकानं १९६२ साली आणि केरळानं १९६८ साली स्वतःचे निखात निधी कायदे केले आहेत. ते जसेच्या तसे उचलावेत असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला हे करता येतं, एवढाच मुद्दा आहे. करताना तीन गोष्टी व्हाव्यात. धातूची किंमत अधिक एकपंचमांश हे कलम जावं आणि जाणकारांच्या समितीनं ठरवलेला रास्त भाव यावा. सुटं नाणं आणि साठा यांत फरक व्हावा. सुट्या नाण्याची नोंद करून ते परत द्यावं. दोन-चार नाणी एकत्र किंवा भांड्यात दिसली, तर खणणं थांबवून कळवणं बंधनकारक असावं आणि कळवणाऱ्याचा वाटा कोणाला बुडवता येऊ नये. आणि नोंद करायला जिल्ह्याला निदान एक माणूस असावा, ज्याच्याकडे जाताना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागत नाही.

हा माणूस कुठून आणायचा, असं विचारतील. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. नाणी वाचता येणारे छंदी अभ्यासक तर गावोगाव आहेत, ब्राह्मी, फार्सी, मोडी घरी बसून शिकलेले. वाडा पाडण्याच्या परवानगीसोबत पाया खणताना अशा एका जाणकाराला दोन दिवस उभं राहू द्यावं, एवढी अट महापालिकेनं घातली तर बांधकाम काही अडणार नाही. पैशांपेक्षा इथं ही माती पाहण्याजोगी आहे, हे मान्य करण्याची अडचण जास्त आहे.

कायदा बदलेपर्यंत अंगणात नाणं सापडलेल्यानं निदान इतकं करावं. जमिनीतून काढण्याआधी फोटो काढावा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून. घराच्या कोणत्या कोपऱ्यापासून किती पावलांवर आणि किती खोल, हे त्याच दिवशी लिहावं. आजूबाजूचं खापर फेकू नये. दुसरं नाणं दिसलं की हात थांबवावा. जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं, पोच घ्यावी, आज कायदा तेच सांगतो. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते पोस्टानं परदेशी गिऱ्हाइकाला धाडणं हा गुन्हा आहे, हे विसरू नये. आणि नाणं घासू नये. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, काहीही नको. तांब्यावरचा हिरवा-काळा थर हीच त्याची कातडी असते. अक्षरं बऱ्याचदा त्या थरातच टिकलेली असतात, घासलं की तीही जातात.

हे शेवटचं मी पाहून बोलतो आहे. माझ्या आजोळी मागच्या दारी खड्डा खणताना ओंजळभर तांब्याची नाणी निघाली होती. मी शाळेत होतो. मामीनं ती चिंच लावून लख्ख घासली, देवापुढं ठेवली आणि दिवाळीला आम्हा भावंडांत वाटली. तिनं जे केलं ते मायेनं केलं. किती नाणी होती, सुटी होती की फडक्यात बांधलेली, एका राजाची होती की अनेकांची, हे आज कोणालाच सांगता येत नाही. मामी गेली, घर विकलं, तिथं आता सिमेंटचं अंगण आहे. माझ्या वाट्याला आलेल्या नाण्यावर एका बाजूला ‘श्री’ आणि त्याखाली ‘राजा’मधला ‘रा’ अजून लागतो. दुसरी बाजू गुळगुळीत आहे. ते मी कागदी पाकिटात ठेवलं आहे आणि पाकिटावर शोधणाऱ्याचं नाव, गाव आणि मला आठवतो तो महिना लिहिला आहे. त्याखाली दोन ओळी आखल्या आहेत, एक खोलीसाठी आणि एक सोबत काय होतं त्यासाठी. त्या कोऱ्या आहेत.